वीतभर हिरवी

भंगाळ्यांच्या कुमुदकाकू फोनवर एवढंच म्हणाल्या,
फ्रीज चावतो.
पायात चप्पल नसली की जास्त.

फैजपूर, मे महिना, सकाळचे अकरा,
गल्लीत नुसते कूलर बोलत होते.
रुबाब उस्तादांनी मेन पाडला,
टेस्टर तीनदा लावून पाहिला,
चौथ्यांदा माझ्याकडून लाववला
आणि मग पेटीचं झाकण उतरवलं.

लाल, पिवळी, निळी, काळी
आपापल्या जागी शहाण्यासारख्या.
हिरवी वीतभर तोकडी.
लाकडी बोर्ड जाऊन पत्र्याची पेटी आली
तेव्हा कुणीतरी तिला नवा तुकडा पिळून जोडलेला,
वर टेपचे सहा वेढे.
इतक्या उन्हाळ्यांनी टेपची काकवी झालेली,
आत तांबं शेवाळलेलं.

कोन्या गाढवानं केलं हे, मी म्हणालो.

उस्ताद पीळ बघत राहिले.
उलटा पीळ होता तो,
डावखुऱ्या हाताचा.
त्यांनी खिशातून पक्कड काढली,
आणि ती कुठल्या हातात आहे
हे मला रोज दिसतं, त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

जोडायला मनाई नाही भो, ते म्हणाले,
लपवायला आहे.

जुना सांधा कापून त्यांनी वरच्या खिशात टाकला.
दोन्ही टोकं सारखी सोलली,
मापाची तांब्याची नळी चढवली,
दोनदा दाबली. कट्. कट्.
आता ओढ.
मी ओढली.
अशी नाही. घरातलं पोरगं लोंबकळतंय समज.
मी पाय रोवून ओढली.
नळीनं सोडलं नाही.
मग पट्टीवर प्रत्येक हिरवीला तिचा तिचा स्क्रू,
एकाखाली दोघी नाहीत.

मागल्या दारी खड्डा केळीच्या क्रेटखाली सापडला.
काळी माती इतकी फाटलेली
की भेगेत बोट आख्खं जाईल.
मीठ, कोळसा, चार बादल्या पाणी.
माती आवाज करत प्याली.
मीटरचा काटा कुरकुरत खाली आला.

काकूंनी फ्रीजला आधी उलटा हात लावला,
मग तळवा,
मग दार उघडून आम्हाला गार पाणी दिलं.
मजुरी किती?

ती मी घेतलीये, उस्ताद म्हणाले,
सोळा वर्षांपूर्वी.

काकूंना कळलं नाही. त्यांनी पैसे पुढे केले,
उस्ताद पायऱ्या उतरलेसुद्धा.

स्टँडवर चहा निवत होता.
बिडीच्या बंडलाच्या कागदावर
ते पेन झटकून झटकून लिहीत होते:
न्हावी, फिरके.
बामणोद, दवाखान्यामागचं घर.
पिंपरूड, झोपे, दोन्ही भाऊ.
हंबर्डी... हंबर्डीला थांबले.
लगीनसराई होती त्या साली, स्वतःशीच म्हणाले,
सगळ्यांनाच घाई.

नळ्या किती उरल्या?
पाच.
शंभराचं पाकीट घे.