विशेषणांचा क्रम

ग्रिम्सबीच्या वाचनालयात मंगळवारी संध्याकाळी
डोरीन हॉब्सनचा वर्ग असतो, फुकट,
मासे कापायच्या कारखान्यातून सुटलेल्यांसाठी.
नऊ जण. हात तीनदा धुऊन आलेले,
तरी हीटर तापला की खोलीभर हॅडकचा वास.

आज फळ्यावर विशेषणं.
आधी मत, मग आकार, मग वय, मग रंग.
सुंदर मोठा जुना हिरवा दरवाजा.
का, ते विचारू नका, ती म्हणते,
आमच्या आयांनाही ठाऊक नव्हतं,
पण चुकलं की खुपायचं,
जसा भातात खडा. नाही, तुमच्याकडे बटाटा. बटाट्यात खडा.

मागून राइमोंडास वाचतो, 'ओल्ड गुड डेज.'
'गुड ओल्ड. गुड आधी.'
तो खोडतो. पेन थांबतं.
'पण मिस, दिवस आधी जुने होतात ना?
चांगले होतात ते नंतर.'

योलांता फिसकन हसते.
डोरीन मार्करचं टोपण शोधते टेबलावर, टेबलाखाली.
ते तिच्या मुठीतच असतं.

एकोणीसशे एकाहत्तर.
फ्रँक एकवीस दिवस समुद्रावर, तीन दिवस घरी.
पहिला झोपेत. दुसरा पबमध्ये.
तिसऱ्या दिवशी भांडण, टॅक्सीवरून,
कारण हा कोपऱ्यावर सिगारेट आणायलाही टॅक्सीनं जायचा
आणि ती दारात थांबवून ठेवायचा, मीटर चालू.
ती स्वतः सुरीच्या टेबलाशी, बोटं बर्फात.
घास भरवायला गेली की पोर तोंड फिरवायचं.
तो निघायचा त्या दिवशी कपडे धुवायचे नाहीत,
धुतले तर माणूस वाहून जातो.
तिनं कधी धुतले नाहीत, रागात असतानाही.
तेव्हा त्या दिवसांना नाव होतं सोमवार,
नाव होतं थकलेलं भाडं.

फ्रँक बुडाला नाही.
बोटी भंगारात गेल्या, तो गोदामाचा पहारेकरी झाला,
आणि दर रविवारी क्लबात ग्लास उचलून
तेच तीन शब्द, गुड ओल्ड डेज.
'आणि ती भांडणं?' तिनं एकदा विचारलं.
'अगं, तीच तर.'

'परीक्षेत गुड आधी लिही,' ती राइमोंडासला सांगते.
'परीक्षेत.'
तो मान हलवतो. परीक्षा झाली त्याची,
उद्या पहाटे तो पवनचक्क्यांच्या बोटीवर रुजू होतोय,
दोन आठवडे बाहेर. वही बंद करताना हे सांगतो,
सहज, दुधाचा हिशेब सांगावा तसं.

आठला दिवे जातात.
घरी टोपली काठोकाठ भरलेली,
सकाळी ऊन पडणार असं रेडिओ म्हणतो.

सकाळी ऊन पडतं.
ती टोपली पायानं मशीनखाली सरकवते
आणि केटल लावते.