पाठमोरी

सव्वानऊची टॅक्सी सांगितली की मी पावणेनऊलाच
दाराबाहेर येऊन बसते.
बसते म्हणजे काय, बसलेलीच असते.
नुसती जागा बदलते.

डंडीत सकाळी टे नदीवरून धुकं चढतं.
पायऱ्या, उंबरे, चढाचे रस्ते,
त्याला कशाचं काही नाही.
हेवा करत नाही मी. नोंद ठेवते.

आजवरच्या नोंदी:
एकाचा रॅम्प गंजला होता.
एकाची कंबर धरलेली, तसा दाखलाच होता काचेवर.
एकाने मला पाहिलं,
मी पाहिलं हेही पाहिलं,
आणि टपावरचा दिवा विझवून तो पुढे गेला.
एक फार भला. हवापाण्याच्या गप्पा मारत
सावकाश पट्टे बांधत होता, मीटर चालू ठेवून.
दोन पौंड चाळीस.
गाडी अजून जागची हलली नव्हती.

मर्डो आधी मीटरवर आपली टोपी टाकायचा,
मग उतरायचा.
खडखडत रॅम्प ओढायचा, "डोकं सांभाळ, इशबेल" म्हणायचा
आणि मला उलटं फिरवायचा.
तुम्हाला ठाऊक नसेल,
या काळ्या टॅक्सीत चाकांच्या खुर्चीने
पुढे तोंड करून जायचं नसतं.
ड्रायव्हरमागच्या भिंतीला पाठ टेकायची
आणि मागच्या काचेतून बघायचं.
लोकांना गाव येताना दिसतं, मला गेल्यावर.
बेकरी आधी नाकाला कळते.
सिग्नल सुटल्याचं कळतं
मागच्या गाडीवाल्याच्या चेहऱ्यावरून.

सात वर्षं, दर गुरुवारी, नाइनवेल्सच्या इस्पितळापर्यंत
आम्ही पाठीला पाठ लावून बोललो.
मध्ये चार बोटांचा पत्रा.
त्याची बायको कशी गेली,
मुलगी कॅनडाहून का येत नाही,
मी पोहायला शिकवायचे तेव्हा
पाण्याला घाबरणाऱ्या मुलांना आधी काय सांगायचे.
पाठचा भाऊ म्हणतात तो असाच असेल,
पाठच माहीत असलेला.
पट्टे बांधताना वाकायचा तेव्हा
त्याचं टक्कल तेवढं दिसायचं.
ते मला पाठ होतं.

फेब्रुवारीत एकदा पट्ट्याची कडी बसेना.
दोनदा निसटली. तिसऱ्यांदा मी हात पाहिला:
अंगठा तर्जनीवर फिरत होता,
कुणी न दिलेली नाणी मोजल्यासारखा.
"थंडी," तो म्हणाला.
"हो," मी म्हणाले, "थंडीच."

पर्थ रोड मागे सरकत राहिला.
चर्चपाशी पत्र्यापलीकडून आवाज आला,
"कुणाला सांगणार आहेस?"
चार पट्ट्यांनी जखडलेली मी, स्टिअरिंग त्याच्या हातात,
आणि विचारत होता तो.
मी बराच वेळ मागचा रस्ता बघितला.
"कुणालाच नाही," म्हणाले,
"पण पुढच्या गुरुवारी मी दुसरी टॅक्सी सांगेन."

त्याने मला इस्पितळाच्या दारी उतरवलं.
पैसे घेतले, नेहमीसारखे, मोजून.
आठवड्याभरात त्याने लायसन्स
आपणहून परत केल्याचं ऐकलं.
मी फोन केला नाही.
हे मी इथे लिहिते आहे, कारण ते नोंदीत नव्हतं.

आज धुक्यात फाटकाशी कुणीतरी उभं.
काठी, तीच टोपी.
"माझीही आज अपॉइंटमेंट," म्हणाला,
"निम्मं भाडं मी देईन."
टॅक्सी आली. पोरगा नवा, घाईतला.
मी नेहमीच्या जागी, पाठ पत्र्याला.
मर्डो समोरच्या लांब सीटवर, सगळे बसतात तसा.
प्रवासात त्याचा चेहरा प्रथमच माझ्यापुढे.
एक भुवई अर्धी पांढरी.

पोरगा अजून माझा पहिलाच पट्टा ओढत होता.
मर्डोने टोपी काढली,
थरथरत्या हाताने त्याच्यापुढे धरली.
"घे," म्हणाला, "ही मीटरवर टाक."
पोराला काही समजलं नाही.
त्याने खिसे चाचपले
आणि टोपीत एक नाणं टाकलं.