रानकुट्टू

डांबरी रस्ता संपतो, पुढे नुसता मुरूम,
तिथे अर्डिथ हॅलोरन गुडघे टेकते
आणि भिंग डोळ्याला लावते.
लांबून वाटावं, प्रार्थना चाललीय.
जवळ गेलं की ऐकू येतं:
"लव आहे का रे मेल्या तुला, की नाही?"

पान पालथं केलं की कळतं म्हणे.
खाली पांढरी लोकर असली तर हा प्रकार,
दोन्ही अंगांनी उघडं असलं तर तो.
दांड्याच्या मध्यावर पानांचं कडं दिसलं तर तिसराच,
आणि फुलं पिवळी सोडून सायीच्या रंगाची निघाली
तर पुस्तक पुन्हा पहिल्यापासून.
चाळीसच्या आसपास आहेत, एकाच नावाखाली.

एकतीस वर्षं तिने नेवाडातल्या या घाटात शाळेची बस चालवली.
इचेव्हेरींच्या तिघी मुली, एका साच्यातल्या,
बाईंनाही हजेरीला ओळखू यायच्या नाहीत.
अर्डिथ मागे न बघता सांगायची कोण चढली,
नुसत्या खोकल्यावरून.
म्हणून वाटलं होतं, हेही जमेल.

पण हे झुडूप.
ओढ्याकडची पानं लोकरीची,
खडकाकडची चक्क उघडी.
एकच मूळ. तिने उकरून पाहिलं.

व्हर्लिनला हे सगळं 'ते पिवळं' होतं.
ते पिवळं तांबूस झालं की तो
न बोलता टायरच्या साखळ्या काढून ठेवायचा,
आणि आठवड्यात बर्फ पडायचं.
त्याच्याकडे भिंग नव्हतं.
साखळ्या अजून गॅरेजमध्ये आहेत, त्याच खिळ्याला.

एक निळं फुलपाखरू, नखाएवढं,
उतरतं, पायांनी चाखतं, अंडं ठेवतं.
त्याला पुस्तक लागत नाही.
अर्डिथला जरा रागच येतो त्याचा.

रीनोच्या संग्रहालयातला पोरगा म्हणाला होता,
रकाना रिकामा ठेवू नका, काहीतरी एक लिहाच.
ती फांदी जुन्या वर्तमानपत्रात दाबते,
शेळ्यामेंढ्यांच्या भावांवर.
चिठ्ठीवर उंची लिहिते, तारीख,
'रस्ता संपतो तिथून चाळीस पावलं, उताराला.'
मग पेन्सिलीचं टोक जिभेला लावून
बराच वेळ तशीच बसते.

प्रकार:
अजून खोकला नाही.