वीसपैकी सात

एकतीस वर्षं मी नाशिकरोडच्या छापखान्यात
नोटांच्या तावांतले दोष शोधले.
शाई फुटलेली, कड सरकलेली,
आकडा अर्धा केस वर चढलेला.
दिसला की लाल पेन्सिलीची खूण
आणि तो ताव मरायला मोकळा.
निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी
लग्नपत्रिका हातात आली की
आधी रंगांची जुळणी बघतो,
मग नवरा-नवरीची नावं.

कॉलेज रोडला बँकेच्या वर
मंदाकिनी कपडणीसांनी चित्रांचं दालन काढलंय.
मी गेलो होतो खाली, पासबुक भरायला.
जिन्यात बाण, बाणाखाली लिहिलेलं :
ग्रीसचे सहा चित्रकार. प्रवेश मोफत. चप्पल चालेल.
'चप्पल चालेल' वाचून वर गेलो.

आत गार हवा, आणि बरीचशी माणसं
चित्रांकडे पाठ करून बोलणारी.
तिकडेही द्राक्षं, इकडेही द्राक्षं,
असं एकजण सांगत होता,
मग दुसऱ्यानेही तेच सांगितलं.
भिंतींवर एकही द्राक्ष नव्हतं.
एकाने जहाजाच्या गंजक्या पत्र्यावर
आईच्या औषधांची यादी कोरलेली.
एकाने अथेन्सच्या बंद दुकानांची
शटरं रंगवलेली. नुसती शटरं, चौसष्ट.
संगमरवरी देव बघायला आलेली एक बाई
हिरमुसून निघून गेली.

कोपऱ्यात, तळहाताएवढं,
मिर्तो कालामारा नावाच्या बाईचं छापचित्र :
जस्ताच्या पत्र्यावर आम्लाने खाल्लेल्या रेघा,
एक खुर्ची, खुर्चीवर ओला टॉवेल,
मागे समुद्र असावा असा कोरा कागद.

मी खिशातलं भिंग काढलं.
टॉवेलचा निळा रंग काळ्या रेघेपासून सुटलेला,
डावीकडे, पाव मिलिमीटर.
नापास.

खाली पेन्सिलीने : ७/२०.
म्हणजे वीसपैकी सातवी प्रत, कपडणीस बाई म्हणाल्या.
मी म्हटलं, निळा सरकलाय.
त्यांनी फोन लावून थेट त्या बाईलाच विचारलं.
तिकडे सकाळ होती, मागे भांड्यांचा आवाज.
उत्तर आलं : हो, सातवी काढताना
माझा हात दुखत होता.
हवी तर आठवी घ्या, ती बरोबर आहे.

आठवी पाहिली. खरंच बरोबर होती.
दोन्ही शेजारी धरून उभा राहिलो,
लोक माझ्यामागून निघून जाईपर्यंत.
मशीनला हात नसतो, असं मी धरून चाललो होतो.
पण मशीनवर गांगुर्डे होता,
एका मार्चभर खांद्याला पट्टा बांधून येणारा.
त्या मार्चमध्ये माझी लाल पेन्सिल
दोनदा संपली होती.

सातवी घेतली. चार हप्त्यांत, रोख.
ज्या नोटा मोजून दिल्या
त्यातल्या काही माझ्याच नजरेखालून गेल्या असतील.
त्या काही मला ओळखत नाहीत.

दोन पुठ्ठ्यांमधे चित्र घेऊन खाली आलो.
दारात वॉचमन उभा.
माझे दोन्ही हात आपोआप वर गेले,
पाय फाकले,
झडतीसाठी मी तयार.
तो घाबरला. काका, काय होतंय?
काही नाही म्हटलं.
छापलेला कागद घेऊन
गेटबाहेर पडतोय, पहिल्यांदाच.

घरी हिने विचारलं, केवढ्याला?
सांगितलं. चष्मा लावून पाहिलं तिने.
खुर्ची आपल्याकडे आहे, म्हणाली,
टॉवेलही आहे.
समुद्र तेवढा नवीन.

टीव्हीच्या वर खिळा ठोकलाय.
येणारे-जाणारे विचारतात, फॉरेनचं का?
उरलेले एकोणीस कुणाकडे असतील,
रात्री कधीतरी मनात येतं.
कुणीतरी भिंग लावून बघत असेल का.

गांगुर्डेचा नंबर शोधतोय.
मुलाने सिन्नरफाट्याला दुकान टाकलंय म्हणतात.
फोन लागला तर काय बोलणार, ठरलेलं नाही.
खांदा डावा होता की उजवा,
तेही आठवत नाही.