उरलेले सात नट

रंग विचारता? सांगतो.
बी विंगेतून बघाल तर हिरवी,
ए विंगेतून बघाल तर तांबडी.
डाव्या अंगाला रंग पोचला,
उजवीकडे प्रायमरवरच पैसे संपले.
अकरा वर्षं टिळकनगरच्या या दोन जिन्यांत
एकाच जीपचे दोन रंग नांदले
आणि सोसायटीच्या इतिवृत्तात तिचा उल्लेख
फक्त ‘सदर वस्तू’.

मॉडेल बासष्टचं. शहापूरच्या लिलावात घेतली
तेव्हा मागच्या सीटखाली वाळवी
आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात कुणा वनरक्षकाचा
अर्धाच लिहिलेला रजेचा अर्ज:
‘विनंती अर्ज करतो कारण की’
पुढे काही नाही.
कारण मीही अजून शोधतोय.

चेसिस सरळ आहे. पाटे नवे, कुर्ल्याहून आणलेले.
गिअरबॉक्स दस्तगीर मिस्त्रीने तीनदा उघडला,
दोनदा बांधला.
तिसऱ्या वेळी त्याचा गुडघा गेला, तेव्हा मी बांधला.
त्यामुळे दुसरा गिअर जरा समजुतीने घ्यावा लागतो,
जावयासारखा.
ब्रेक लागतो. लगेच नाही, पण लागतो.
पेट्रोलचा काटा कधीच मेला;
टाकीत बुडवून बघायला
मुलीच्या दप्तरातली फुटपट्टी सोबत देतोय,
सातव्या इंचाच्या खाली जाऊ देऊ नका.

आता बिल्डिंग पाडणार.
नव्या टॉवरमध्ये गाड्या म्हणे कप्प्यांत रचतात,
कपाटातल्या बनियनांसारख्या.
बिल्डरचा पोरगा टेप घेऊन आला,
दोनदा मापं घेतली, बॉनेटवर हात ठेवून म्हणाला,
काका, ही बसणार नाही.
गॅलरीतून बायको म्हणाली,
इतकी वर्षं कुठे होतात हो तुम्ही?

ओशिवऱ्याहून एकजण आला. हॉटेल काढतोय.
इंजिन ठेवा तुमच्याकडे, म्हणाला,
मला नुसतं तोंड हवंय,
बॉनेटच्या जागी तवा बसवणार.
चाळीस हजार जास्त देत होता.
मी नाही म्हणालो नाही, खोटं कशाला सांगू.
विचार करून कळवतो म्हणालो
आणि रात्रभर पंख्याखाली
डोशाचा वास घेत पडलो.

रविवारी निर्मळहून ग्लेंडा तुस्कानो आली, बापाला घेऊन.
बाप काही बोलला नाही.
छत्रीचं टोक त्याने इंजिनाला लावलं, मूठ कानाला,
डोळे मिटून उभा राहिला, डॉक्टरसारखा.
ती मात्र इस्त्रीच्या कपड्यांत सरळ गाडीखाली शिरली
आणि वर आली ती कोपरभर ग्रीस
आणि वीस हजारांची घासाघीस घेऊन.
हँडल तिनेच मारलं.
पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदा नाही.
तिसऱ्यांदा ए विंग खोकली,
बी विंगेने धडाधड खिडक्या लावल्या.
‘चाफ्याच्या टोपल्या मावतील ना मागे?’
किती, मी विचारलं.
‘सहा.’
तिथेच माझे वीस हजार सुटले.

कागद झाले, पैसे झाले.
शेवटी लोणच्याची रिकामी बरणी तिच्या हातात दिली.
‘हे कशाचे नट?’
माहीत नाही. गाडी पूर्ण जोडली की दर वेळी सात उरतात.
‘त्यांच्याशिवाय चालते?’
चालते.
तिने बरणी कानाशी खुळखुळवली,
बापाच्या मांडीवर ठेवली,
आणि गेटबाहेर वळताना दुसरा गिअर टाकला
पहिल्याच दमात.
मला जरा रागच आला.

खाली तेलाचा डाग राहिलाय.
सेक्रेटरींनी त्यावर भुसा पसरला,
संध्याकाळी मी तो झाडून काढला.

काल तिचा फोन आला.
काका, क्लच उतरवला होता,
आज परत सगळं जोडलं.
बरं, मग?
काही नाही,
आता नऊ झालेत.