मागचा दिवा

सात गाड्या. मी सातवी.
ऑर्विलनं हे ठरवलं ब्रोकन बोच्या पंपावर,
कागदी पेल्यातली कॉफी फुंकत :
"एकतीस वर्षं शाळेची बस चालवलीस,
कुणी मागं राहिलं तर तुलाच कळेल."

तेव्हापासून मला रस्ता दिसतो तो असा :
सहा पाठी, सहा तांबडे दिवे,
आणि त्यांच्या फटींतून
उरेल तेवढं नेब्रास्का.

वाळूच्या टेकड्या, त्यांच्यावर गवत,
एक मालगाडी तासभर आमच्या सोबतीला.
कोळशाचे डबे मी मोजायला घेतले,
एकशे बारानंतर नाद सोडला.
नाकतोडे हेल्मेटच्या काचेवर टपटप फुटत होते.
जोलेटा दर थांब्यावर ती काच पुसायची
आणि दर थांब्यावर तोच विनोद करायची.

वायोमिंगची पाटी आली तेव्हा
सगळ्यांनी तिच्याखाली फोटो काढले.
व्हर्लिन गाडीवरून उतरला नाही.
म्हणाला, गुडघा.

व्हर्लिन सहावा. म्हणजे माझा.
समोरून कुणी मोटारसायकलवाला आला
की डावा हात खाली सोडायचा, दोन बोटं रस्त्याकडे,
अशी आमच्यात रीत.
चाळीस वर्षांत व्हर्लिननं एकाही परक्याला
सलामाशिवाय जाऊ दिलेलं नाही.
बफेलोच्या पुढं, बिगहॉर्नचा चढ लागल्यावर,
अकराजण समोरून गेले.
त्याचे दोन्ही हात हँडलवरच.

मी मनात म्हटलं, वारा असेल.

टेन स्लीपच्या खाणावळीत तो डाव्या हातानं पाय खात होता.
उजवा मांडीवर, टेबलाखाली,
चोरून आणलेल्या मांजराच्या पिल्लासारखा.
वाढणारीला म्हणाला, "कप अर्धाच भर, पोरी."
बाकीचे नकाशावर वाकलेले.
कुणाला दिसलं नाही,
आणि मला दिसलं हे त्याला दिसलं.

मॉन्टानात दोन दिवस मी गप्प.
बोलायचं काय? आणि कुणाशी?
ऑर्विलला सांगणं म्हणजे चहाडी,
न सांगणं म्हणजे…
प्रत्येक वळणावर तो पिवळ्या रेघेकडे सरकायचा,
आणि मी इथं मागून,
माझ्याच हँडलवर जोर देऊन
त्याला आत ओढायची.
अंगात कणकण आल्यासारखी झोपायचे मोटेलात.

लॉस्ट ट्रेल खिंडीच्या माथ्यावर,
जिथं आयडाहो सुरू होतं,
पाच दिवे वळणाआड गेले
आणि सहावा बाजूला थांबला.
शेवटच्याचं काम एकच, मी थांबले.
इंजिनं बंद केल्यावर पाइनच्या झाडांचा आवाज
इतका मोठा असतो हे मला ठाऊक नव्हतं.

"कधीपासून बघतेयस?"
"टेन स्लीपपासून."
तो हसला. "मी मार्चपासून."

मग खिसे चाचपले, काहीच काढलं नाही,
आणि म्हणाला, सॅमनला पोचलो की
भाच्याला फोन करेन, तो ट्रेलर घेऊन येईल.
ऑर्विलला मीच सांगेन, तू नको.
"फक्त एवढा उतार. हळूहळू.
आणि तू पुढं हो.
माझ्या पाठीवर किती दिवस नजर तुझी,
खाज सुटलीय मला."

नाही म्हणायला हवं होतं का?
बसमधल्या पोराला मी नाहीच म्हटलं असतं.

पुढं झाले.
पाच दिवसांत पहिल्यांदाच समोर कुणी नव्हतं.
रस्ता सगळा, नदीसकट, उघडा,
आणि मी त्याच्याकडे पाहिलंच नाही.
आरशात एक दिवा होता,
किंचित थरथरणारा. आरसाही थरथरतोच म्हणा.

खालून तिघे अनोळखी वर चढत आले.
मी दोन बोटं खाली सोडली
आणि आरशात पाहिलं :
त्याचा डावा हात
हँडलवरून सुटला,
खाली गेला, तिसरा जाईपर्यंत तिथंच राहिला.

ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही.
जुन्या सवयीनं मोजत राहिले,
सॅमनचे दिवे दिसेपर्यंत :
एक.
एक.
एक.