अठ्ठेचाळीसास एक

दिवसभर मी दात करते.
मुगभाटातल्या पोटमाळ्यावर, ट्यूबलाइटखाली,
कुणाकुणाच्या हिरड्यांचे प्लास्टरचे ठसे
नावाच्या चिठ्ठ्या लावून रांगेत:
गोरक्षकर, वरची कवळी. मिसेस डिमेलो, खालच्या दोन दाढा.
साडेसातला डॉक्टरांचा पोऱ्या शेवटची डबी घेऊन जातो
आणि मी तीच हत्यारं पुसून
जहाजाला लावते.

मेण कोरायचा चाकू सागालाही चालतो,
धार मात्र दर दहा मिनिटांनी.
साग दारूखान्यातला,
मोडीत निघालेल्या कुठल्याशा बोटीच्या केबिनचं दार.
शौकतभाईनं वजनावर दिलं.
चिरलं तेव्हा आतून डिझेलचा वास आला
आणि एक पितळी स्क्रू, ज्यानं माझी करवत खाल्ली.

पठाण, नाळ, वांक, डोलकाठी.
शब्द मी आधी शिकले, लाकूड नंतर.
समुद्र राहिलाच.
मांडव्याच्या लाँचमध्ये मला
धक्का सुटायच्या आत मळमळतं.

दोन वर्षं फळ्या वाकवण्यात गेली.
चहाच्या किटलीच्या वाफेवर एकेक धरायची,
आगकाडीएवढी,
मनात शंभर मोजायचे.
मोडायची ती सत्त्याण्णवला.
दोऱ्या बत्तीस. सगळ्या ताठ,
टिचकी मारली तर वाजतील अशा.
त्याचा मला गर्व होता, लपवत नाही.

मग हुसेनमियां परकार आले, बाणकोटचे,
नातवाचा हात धरून, नवी कवळी टोचते म्हणून.
जिना चढताना तीनदा बसले.
कवळी माझ्या हातात, तोंड रिकामं, नजर कपाटावर.
'हत्तेमारी,' म्हणाले.
मी म्हटलं, काय?
'हत्तेमारी गो, बाय. हत्तेमारी.'
वरचे दात नसले की फ निसटतो,
हे मला कळायला हवं होतं. माझा धंदाच तो.

उठून जवळ गेले. हात लावू का, विचारलं नाही.
'दोऱ्या अशा ताठ कशाला? वारा कुठला?'
मी गप्प.
नकाशात वारा दिलेला नव्हता.
'अशी बोट चालत नाय. उभी रायते. फोटोला.'
आणि ज्या बोटांना शर्टाचं बटण लागत नव्हतं,
नातवानं लावलेलं मी पाहिलं,
त्या बोटांनी दामणीची गाठ सोडली,
दोन सूत ढील दिली, पुन्हा बांधली.
मांजरपाटाचं शीड पोटाशी जरासं सुटलं.
एवढंच.
पंखा बंद होता.

'आणि चूल?'
चूल?
'भंडारी रांधणार कुठं? तेरा माणसं गो, बाय.
तेरा माणसं काय दोऱ्या खाणार?'

कवळी घासली, अर्धा मिलिमीटर. बसवली.
त्यांनी दोनदा चावून पाहिलं, हवेलाच,
आणि आरशाकडे न बघता म्हणाले,
'फत्तेसलामत.'
त्यांच्या बोटीचं नाव.
मंगळूरहून कौलं भरायची, लकडी बंदराला लागायची.
पुढं काय झालं तिचं, मी विचारलं.
'इंजनं आली,' म्हणाले,
आणि नातवाला, 'चल.'
पैसे दिले, सुटे, मोजून.

रात्री उरलेल्या गुलाबी ॲक्रिलिकची चूल केली,
हिरडीच्या रंगाची, विटेच्या जवळपास जाणारी.
वर भाताचं भांडं, दाढेत भरायच्या चांदीचं.
पाठीमागच्या फळीवर नाव लिहिलं,
एका केसाच्या कुंचल्यानं.
'फ'ची गाठ तीनदा खरवडली.

दामण तशीच आहे.
रोज सकाळी हात जातो, ताणावीशी वाटते,
दोन सूतच तर.
येणारे-जाणारे दाखवतात,
ही एक ढिली राहिली वाटतं.
मी म्हणते, हो,
आणि कुणाच्या तरी दाढेला लागते.